राखण यंत्राची, पहारा माणसावर

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. मध्य, पश्चिम आणि हार्बर या तिन्ही मार्गांवरील लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. महासाथीच्या त्या दिवसांत लोकलने प्रवास करण्याची मुभा अत्यावश्यक सेवेतील लोकांपुरती होती; म्हणजे गाड्यांत अडकून पडल्या त्या परिचारिका, सफाई कामगार, महापालिकेचे आणि बँकांचे कर्मचारी. रेल्वेचा आणि रुग्णालयांचा पुरवठा दोन-अडीच तासांत टप्प्याटप्प्याने सुरू झाला. काही उपनगरांना मात्र रात्रीपर्यंत वाट पाहावी लागली. बाहेरच्या वीजजाळ्यात बिघाड झाला, तर मुंबईला त्यापासून आपोआप वेगळे करून शहरापुरती वीज चालू ठेवणारी 'आयलंडिंग' ही व्यवस्था गेली कित्येक दशके या शहराच्या अभिमानाचा विषय होती. त्या दिवशी तीही टिकली नाही.

पुढे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अमेरिकेतील 'रेकॉर्डेड फ्यूचर' या कंपनीच्या पाहणीच्या आधारे एक वृत्त दिले. चीनशी संबंधित गटाने भारतातील वीजयंत्रणांच्या संगणकांत घातक प्रणाली पेरल्या असून मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध असू शकतो, असा त्याचा आशय होता. तसा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्या कंपनीच्या अहवालात नमूद होते. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. त्याच्या पुढच्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती फेटाळली आणि मानवी चुकीकडे बोट दाखवले. राज्यात एका आघाडीचे सरकार, केंद्रात दुसऱ्या. दोन सरकारे, दोन उत्तरे. घातपात की चूक, याचा निर्णय तज्ज्ञांनी करावा हे रास्तच. परंतु ज्यांचा दिवस बुडाला, ज्यांच्या घरी श्वासाला यंत्राचा आधार लागणारा रुग्ण होता, त्यांना खरे कारण समजण्याचा काही हक्क आहे, हा विचार या वादात दोन्हीकडे कोठेच आढळला नाही. शत्रू कोण याची चर्चा झाली. जबाबदार कोण आणि कोणाला, याची झाली नाही.

डिजिटल पायाभूत व्यवस्थेच्या सुरक्षेचा प्रश्न आपल्याकडे याच रीतीने मांडला जातो. वीज, रेल्वे, बँका, आधार, रेशन, दूरध्वनी हे सारे आता संगणकांच्या एका जाळ्यावर चालते. त्या जाळ्याचे परकीय हल्ल्यापासून, चोरांपासून रक्षण व्हावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या संगणकीय विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीला ग्रासले, तेव्हा न्हावाशेवा बंदरातील तिच्या धक्क्यावरील मालाची वाहतूक कोलमडली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी रुपये लुटले गेले. चोरट्यांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव करून २८ देशांतील यंत्रांतून काही तासांत पैसे काढले. धोके खरे आहेत. प्रश्न एवढाच की 'सुरक्षा' या शब्दाखाली कोणाचे काय राखले जाते, आणि त्या राखणीचा खर्च कोण भरतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला कुर्ल्याइतकी चांगली जागा नाही.

कुर्ल्याचे नाव देशाच्या अर्थकारणात दिवसातून हजारदा घेतले जाते, पण ते 'वांद्रे-कुर्ला संकुल' या जोडनावात. कुर्ल्याच्या पश्चिमेला मिठी नदी ओलांडली की हे संकुल लागते. राष्ट्रीय शेअर बाजार तेथे आहे, हिऱ्यांचा बाजार तेथे आहे, आणि युपीआयची सूत्रे हलवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाचे मुख्यालयही तेथेच आहे. २००८ साली रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या संस्थेने २०१६ साली युपीआय सुरू केले आणि २०२५ साली त्यावरील एका महिन्यातील व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांनी ते आपलेसे केले, हे या संस्थेचे मोठेच यश होय. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने या महामंडळाची आणि दोन मोठ्या खासगी बँकांची संगणकयंत्रणा 'अत्यावश्यक माहिती पायाभूत व्यवस्था' म्हणून घोषित केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७०व्या कलमानुसार अशा यंत्रणेत अनधिकृतपणे शिरणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आधारच्या मध्यवर्ती माहितीसाठ्याला हेच संरक्षण २०१५ सालीच मिळाले होते.

नदीच्या अलीकडे जुने कुर्ले आहे. एके काळी स्वदेशी मिल, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कमानी या नावांनी ओळखले जाणारे हे कामगारांचे गाव. गिरणी गेली, मोटारींचा कारखाना गेला, कमानीच्या परिसरात मॉल उभा राहिला. राहिली ती माणसे. आणि त्यांच्यात भर पडली उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा येथून आलेल्यांची. भंगार फोडणारे, गाड्या दुरुस्त करणारे, शिलाईच्या गाळ्यांत राबणारे, पलीकडच्या संकुलातील काचेच्या इमारती पुसणारे आणि तेथील साहेबांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया. या लोकांचा अन्नाचा हक्क २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने मान्य केला आहे: प्राधान्य कुटुंबातील माणशी महिना पाच किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो, आणि २०२३ पासून तेही मोफत. शहरी भागात वार्षिक ५९ हजार रुपयांच्या आत उत्पन्न असेल तरच महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंब धरले जाते. महिन्याला पाच हजारांपेक्षा कमी! मुंबईत एवढ्या पैशात कोण जगतो, हा निराळाच विषय आहे. असो.

हे धान्य मिळते ते अंगठा लावून. दुकानदाराच्या ई-पॉस यंत्रावर बोट ठेवले की त्याचा ठसा राज्याच्या अन्नविभागाच्या सर्व्हरमार्गे आधारच्या मध्यवर्ती साठ्याकडे जातो, तेथून 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर येते, आणि 'होय' आले तरच मापात धान्य पडते. या साखळीत यंत्र आहे, वीज आहे, मोबाइलचे जाळे आहे, राज्याचा सर्व्हर आहे, आधारचा सर्व्हर आहे. आणि सर्वांच्या आधी ते बोट आहे, जे भंगाराच्या पत्र्याने आणि भांड्यांच्या राखेने झिजलेले आहे. हिशेबापुरते धरून चालू की यातील पाच कड्या प्रत्येकी शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा चोख काम करतात. ज्या अधिकाऱ्याकडे त्यातील एक कडी सोपवलेली आहे, तो आपल्या कामावर संतुष्ट असेल. पण पाचही कड्या एकाच वेळी चालू असण्याची शक्यता नव्वदाच्या आसपास येते. रांगेतील दहावा माणूस कोणाच्याच दोषाशिवाय परत जातो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आधार प्राधिकरणाने जी माहिती सादर केली, तीत सरकारी सेवांसाठी होणाऱ्या पडताळणीतील यशाचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या आसपास होते. पडताळणी फसली म्हणजे लाभ नाकारला गेला असे नव्हे, हा प्राधिकरणाचा बचाव कागदावर बरोबर आहे. पुन्हा अंगठा लावता येतो, दुसरे बोट लावता येते, उद्या येता येते. परंतु रोजंदारीवरच्या माणसाला 'उद्या या' म्हणजे आणखी एक खाडा. पाच किलो मोफत तांदळासाठी दोन दिवसांची मजुरी बुडाली, तर ते धान्य बाजारभावापेक्षा महाग पडले.

अर्थशास्त्रातील एक साधा नियम येथे लागू पडतो. कोणत्याही व्यवस्थेत बिघाडाची शक्यता असतेच, आणि शहाणी व्यवस्था त्यासाठी राखीव साधन ठेवते. रुग्णालयात जनित्र असते, गाडीत जादा चाक असते. हे राखीव साधन एरवी रिकामे पडून राहते, म्हणून ते हिशेबनिसाच्या नजरेत उधळपट्टी ठरते. रेशनच्या व्यवस्थेत असे राखीव साधन होते: कागदाची शिधापत्रिका, दुकानातली नोंदवही आणि सही. ती मोडीत काढली आणि वाचलेला पैसा, गळालेली 'बोगस' नावे यांची बेरीज करून बचतीचे आकडे छापले गेले. त्या बचतीच्या समोर जो खर्च लिहायला हवा होता, तो कोणत्याच खात्यावर पडला नाही. तो रांगेत उभ्या असलेल्या बाईने भरला. सरकारच्या ताळेबंदात तिचे नाव नसते.

राखीव साधन ही केवळ दयेची गोष्ट नव्हे, तीच खरी सुरक्षा असते, याला मोठा दाखला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीजकंपन्यांच्या संगणकांचा ताबा हल्लेखोरांनी घेतला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. वीज काही तासांत परत आली ती एखाद्या अद्ययावत संगणकप्रणालीमुळे नाही. तेथील उपकेंद्रांवर जुने, हाताने चालवण्याचे खटके शिल्लक होते आणि ते चालवणारी माणसेही शिल्लक होती. त्यांनी एकेका उपकेंद्रावर जाऊन वीज जोडली. ज्याला मागासलेपण म्हणून हिणवले जाते, ते त्या रात्री उपयोगी पडले.

आपल्याकडेही हे कळते. मात्र माणूस पाहून कळते. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरचे संगणक बंद पडले, तेव्हा आपल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विमानात कोण चढतो हा तर राष्ट्रीय सुरक्षेचा विषय. तरीही कागद आणि लेखणी चालली. कोणी म्हटले नाही की यंत्र चालू होईपर्यंत घरी जा. त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रातील रेशन दुकानांचा सर्व्हर दिवसचे दिवस रखडत होता. दुकानदार आणि शिधापत्रिकाधारक यांच्यात भांडणे होत होती, आणि बऱ्याच ओरडीनंतर शासनाने यंत्राविना वाटपाला मुदतीपुरती परवानगी दिली. विमानतळावर जो निर्णय काही तासांत, तेथल्या तेथे झाला, त्याला रेशनच्या दुकानासाठी मंत्रालयापर्यंत जावे लागले. अन्नाचा दाणा हा बोर्डिंग पासपेक्षा कमी निकडीचा, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

कायद्यात उलटच लिहिलेले आहे. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी जोडणी नाही म्हणून त्या कुटुंबाचे रेशनकार्ड रद्द झाले होते, आणि मुलगी भुकेने गेली असे तिच्या आईने सांगितले. सरकारने ते नाकारले. पण पुढच्याच महिन्यात केंद्राच्या अन्नविभागाने राज्यांना लेखी कळवले की आधार नाही किंवा पडताळणी होत नाही एवढ्या कारणावरून कोणालाही धान्य नाकारू नये, आणि अशा वेळी नोंदवही ठेवून वाटप करावे. २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने आधारचा कायदा उचलून धरला, तोही पडताळणी फसल्यामुळे कोणी वंचित राहू नये हे गृहीत धरूनच. सूचना आहेत, आदेश आहेत. दुकानदारापर्यंत पोहोचतो तो मात्र दुसराच संदेश: यंत्राबाहेर धान्य दिलेस तर हिशेब तुझ्या अंगावर. तो बिचारा 'होय'ची वाट पाहतो.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. नोंदवहीच्या काळात रेशनचे धान्य काळ्या बाजारात जात होते, खोटी कार्डे होती, दुकानदार आणि अधिकारी यांची मिळवणूक होती. हे सर्व खरे आहे. समाजवाद्यांनी रेशन दुकानांवर मोर्चे काढले ते काही उगाच नव्हे. यंत्रामुळे एक मोठी सोय झाली हेही मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात, तसेच आंध्र आणि तेलंगण अशा जोड्यांपासून एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची योजना सुरू झाली. आज बिहारमधून आलेला मजूर गावच्या कार्डावर कुर्ल्यात धान्य घेऊ शकतो, ते याच जाळ्याच्या बळावर. स्थलांतरितांचा हा हक्क जुन्या कागदी व्यवस्थेने कधी दिला नव्हता.

पण म्हणून चोरी थांबवण्याचा भार ज्याचे धान्य चोरले जात होते त्याच्याच बोटावर टाकावा काय? झारखंडमधील व्यवस्थेचा मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी मोठा अभ्यास केला. नुसत्या अंगठ्याच्या सक्तीने गळती लक्षणीय घटली नाही; ज्यांची कार्डे आधी जोडलेली नव्हती त्यांना मिळणारा लाभ मात्र सुमारे दहा टक्क्यांनी घटला, आणि त्यांतील काहींना काहीच मिळेनासे झाले, असे त्यांना आढळले. दुकानदाराने माप मारले तर अंगठा ते पकडू शकत नाही. तो फक्त माणूस आला होता एवढेच सांगतो. दोन प्रकारच्या चुका संभवतात: अपात्राला देणे आणि पात्राला नाकारणे. पहिल्या चुकीत तिजोरीचे नुकसान, दुसरीत पोटाचे. आपल्या यंत्रांची रचना पहिली चूक टाळण्यासाठी केलेली आहे. दुसरीची मोजदाददेखील होत नाही.

सुरक्षेच्या नावाखाली केलेली योग्य कृतीही कशी गरिबावर पडते, याचे उदाहरण वांद्रे-कुर्ला संकुलातूनच देता येईल. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या 'सी-एज' या कंपनीवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाल्याचे उघड झाले. विषाणू पसरू नये म्हणून पेमेंट महामंडळाने त्या कंपनीला आपल्या जाळ्यातून तोडले. तांत्रिक दृष्टीने हे अगदी बरोबर होते. पण त्यामुळे सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार बंद पडले. या बँका बहुतेक सहकारी आणि ग्रामीण होत्या. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. आग विझवताना कोणाचे घर प्रथम पाडायचे, हे ठरवण्याची सत्ता एका संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेच्या संचालक मंडळावर बँका आहेत, ठेवीदार नाहीत.

आता गोपनीयतेकडे वळावे लागते, कारण सुरक्षा आणि हक्क यांचे नाते तेथे सर्वांत अधिक उघडे पडते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, चंडीगडच्या 'ट्रिब्यून' दैनिकाच्या वार्ताहर महिलेने पाचशे रुपये देऊन आधारधारकांच्या माहितीपर्यंत कसे पोहोचता येते ते छापले. प्राधिकरणाने पहिली कृती केली ती पोलिसांत तक्रार देण्याची, आणि त्या तक्रारीत वार्ताहराचेही नाव होते. एस्टोनिया हा जेमतेम तेरा-चौदा लाख वस्तीचा देश. २०१७ साली तेथील ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष असल्याचे संशोधकांनी कळवले. सरकारने ते जाहीर सांगितले आणि साडेसात लाखांहून अधिक कार्डांची प्रमाणपत्रे निलंबित करून ती दुरुस्त केली. भोक दाखवणाऱ्याला तेथे धन्यवाद मिळाले, येथे फिर्याद.

एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेने आदेश काढला की संगणकहल्ला झाल्यास सहा तासांच्या आत तो आम्हाला कळवा. आम्हाला, म्हणजे सरकारला. ज्याची माहिती गेली त्या माणसाला कळवण्याचा त्यात शब्द नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये हीच संस्था माहिती अधिकाराच्या कायद्यातून वगळण्यात आली. म्हणजे देशातील सर्व गळतींची नोंद जेथे जमा होते, ते दप्तर नागरिकाला बंद. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, माहिती फुटल्यास ती संबंधित व्यक्तीला कळवण्याचे बंधन प्रथमच घातले आहे, त्याचे स्वागत केले पाहिजे. परंतु त्याच कायद्यात सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला सूट देता येते. दंड अडीचशे कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. आणि नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई मागण्याची जी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमात होती, ती रद्द करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. माहिती तुमची, चूक त्यांची, दंड तिसऱ्याचा! वर याच कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात दुरुस्ती केली, आणि ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. ज्या मार्गाने कार्यकर्ते रेशन दुकानाच्या लाभार्थ्यांच्या याद्या मागवून चोरी पकडत असत, तो मार्ग 'वैयक्तिक माहिती' या सबबीखाली आता अडवता येईल. नागरिकाचा खासगीपणा राखण्यासाठी केलेला कायदा दुकानदाराचा आणि अधिकाऱ्याचा आडोसा व्हावा, यातली विसंगती दिल्लीत कोणाच्या ध्यानात आली नसेल असे मानणे कठीण आहे.

इतकेच नव्हे, तर राज्यसंस्थेलाच काही भोके हवी असतात. महाराष्ट्रातील एल्गार परिषद प्रकरणात आरोपींच्या संगणकांत बाहेरून शिरून कागदपत्रे ठेवली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेतील 'आर्सेनल कन्सल्टिंग' या न्यायवैद्यक संस्थेने २०२१ पासूनच्या आपल्या अहवालांत काढला. तपासयंत्रणेला तो मान्य नाही. फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाविषयीचा अहवाल आला तो डिसेंबर २०२२ मध्ये. ते मात्र ५ जुलै २०२१ रोजीच कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात वारले होते. पेगॅसस प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या समितीला २९ पैकी पाच फोनमध्ये घातक प्रणाली आढळली. ती पेगॅससच होती असा निष्कर्ष निघाला नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले. कुलपाला दुसरी किल्ली ठेवली की ती कोणाच्या हाती पडेल हे कुलूप ठरवू शकत नाही. तसेच जाळे बंद करण्याचे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात, नोव्हेंबरात मराठा आंदोलनाच्या वेळी बीडमध्ये इंटरनेट बंद केले गेले. अफवा थांबवण्याचा हेतू खरा असेलही. पण जे धान्य, जी पेन्शन, जी मजुरी त्या जाळ्याला बांधून ठेवली आहे, तीही त्याबरोबर थांबते, याची तजवीज कोणी केली होती?

तर मग मागायचे काय? यंत्रे फोडा, असे नव्हे. या कुर्ल्यातच कामगारांनी यंत्राशी वेगळे नाते जोडून दाखवले होते. १९८५ साली कमानी ट्यूब्ज हा कारखाना बंद पडला, तेव्हा तेथील कामगारांनी तो आपल्या सहकारी संस्थेमार्फत चालवायला मागितला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ साली तशी योजना मंजूर करून घेतली. पुढे तो प्रयोग अडचणीत आला, त्याची कारणे वेगळी. पण ज्या यंत्रावर आपले पोट चालते, त्याच्या कारभारात आपला शब्द असला पाहिजे, ही त्यांची मागणी या नव्या यंत्रांनाही तितकीच लागू आहे.

अन्नसुरक्षा कायद्यात त्यासाठी लागणारी हत्यारे आधीच आहेत. कलम २८ सामाजिक अंकेक्षणाची तरतूद करते आणि कलम २९ दक्षता समित्यांची. अंकेक्षण गोदामाचे होते, वजनकाट्याचे होते, तसे ते सर्व्हरचे का होऊ नये? कोणत्या दुकानात महिन्यातील किती तास यंत्र बंद होते, किती अंगठे फसले, किती माणसे परत गेली, हा हिशेब संगणकातच पडलेला असतो. तो दुकानाच्या फळ्यावर लिहिण्यास एक खडू पुरेल. आणि कलम ८ तर स्पष्टच सांगते की हक्काचे धान्य पुरवले गेले नाही, तर राज्य सरकारने त्या व्यक्तीला अन्नसुरक्षा भत्ता द्यावा. त्याचे नियम २०१५ पासून आहेत. यंत्र बंद पडले म्हणून हा भत्ता मागण्याची आणि देण्याची पद्धत मात्र आपल्याकडे रुजलेली नाही. ती रुजली तर बिघाडाचा खर्च प्रथमच सरकारच्या वहीत लिहिला जाईल, आणि मग हाताने लिहिण्याची नोंदवही दुकानात परत ठेवणे वित्तविभागाला स्वस्त वाटू लागेल.

मुंबईतील रेशनचा कारभार जिल्हाधिकाऱ्याकडे नसून शिधावाटप नियंत्रकाकडे आहे. कुर्ल्यातील कामगार संघटनांनी आणि महिला मंडळांनी येत्या महिन्यात प्रत्येक दुकानासमोर बसून परत गेलेल्या माणसांची नावे, तारीख आणि यंत्राने दिलेले कारण एका वहीत उतरवावे, आणि प्रत्येक नावामागे कलम ८ खालील भत्त्याचा एक अर्ज त्या कार्यालयात द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.